नवी गाडी परत करण्याचा हक्क

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी निव्वळ दुकानदाराच्या आडमुठेपणातून आलेली नाही. तिच्या पाठीशी 1930 चा मालविक्री कायदा होता. माल पारखून घेणं ही गिऱ्हाइकाची जबाबदारी, हा त्याचा मूळ नियम. कलम 16 मध्ये अपवाद आहेत, पण एकदा माल स्वीकारला की कलम 13 प्रमाणे तो परत करण्याची सोय बहुधा संपते आणि उरतो तो भरपाईचा दिवाणी दावा. धोतर-पातळाला हे ठीक. मोटारीचा दोष मात्र ती चालवल्यावरच कळतो, आणि चालवत राहिलात तर ती स्वीकारलीत!

अमेरिकेत या पेचाची एक गाठ 1916 मध्ये सुटली. ब्युइक मोटारीचं लाकडी चाक मोडून मालक जखमी झाला. आमचा व्यवहार डीलरशी, तुमच्याशी नव्हे, असा कंपनीचा बचाव होता. न्यूयॉर्कचे न्यायमूर्ती कार्डोझो यांनी तो फेटाळला. अपघात न होता नुसतीच गॅरेजच्या चकरा मारायला लावणाऱ्या गाडीचं काय, याला उत्तर मिळायला 1982 उजाडलं. त्या वर्षी कनेक्टिकट राज्याने ‘लेमन लॉ’ केला. एकाच दोषासाठी चार दुरुस्त्या झाल्या किंवा गाडी एकूण 30 दिवस दुरुस्तीत अडकली, की ती बदलून द्या किंवा पैसे परत करा.

आपल्याकडे तेव्हा पद्मिनी आणि अँबॅसडरसाठी नंबर लावून बसायचे दिवस. मिळालेली गाडी परत कोण करणार? तरी 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली होती, आणि 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायदा आला. सदोष वस्तू बदलून द्या किंवा किंमत परत करा, असा आदेश देण्याचा अधिकार त्याने ग्राहक मंचांना दिला. कागदावर हा हक्क लेमन लॉपेक्षाही मोठा, कारण तो मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळ्याला लागू.

अडलं ते अंमलात. 2006 मध्ये मारुतीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटीत वचन आहे ते सदोष भाग बदलून देण्याचं, अख्खी गाडी नव्हे. म्हणजे गाडी बदलून हवी तर मुळातलाच ‘उत्पादन दोष’ सिद्ध करा, तोही तज्ज्ञाच्या अहवालानिशी, स्वतःच्या खर्चाने. 2021 मध्ये गोव्याचा एक खटला निकाली निघाला. 2011 मध्ये गाडी घेणाऱ्याच्या गळ्यात डीलरने 2009 ची गाडी मारली होती. कंपनीला हे ठाऊक होतं असा पुरावा नाही, म्हणून न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं. दोष कारखान्यातला असेल तर कंपनी सुटत नाही, हे खरं. पण कंपनी आणि डीलर यांच्यामधली जुनी भिंत पुरती पडलेली नाही.

20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली, ही मोठीच सोय. किती दुरुस्त्यांनंतर गाडी बदलायची, तो आकडा मात्र याही कायद्यात नाही. माझ्या मते आपली खरी उणीव तीच. आकडा नसल्यामुळे प्रत्येक मालकाला तोच वाद पहिल्यापासून घालावा लागतो.

तोवर सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक फेरीत आपली तक्रार जॉबकार्डवर लिहवून घ्या आणि प्रत जपून ठेवा. ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलेल्या कागदावर सही करू नका. ग्राहक तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी तक्रारीची फी 200 रुपये आहे.