टिपरीमागून आलेला कोयता

वसमतच्या पूर्णा कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या पाहिल्या की ऊस हे मुळातच इथलं पीक वाटतं. येलदरी, सिद्धेश्वरचं पाणी शिवारात आल्यापासून तर कुणाला शंकाही येत नाही. पण जाड, रसाळ उसाचं एक बेणं या देशात मॉरिशसहून आलं. ते आणणारा साहेब म्हणजे ठगांचा कर्दनकाळ विल्यम स्लीमन.

ठगांचं प्रकरण हिंगोलीला परकं नाही. निजामाच्या फौजेची इथे छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना ही वस्त्यांची नावं अजून तोंडी आहेत. या छावणीतल्या हरीसिंग नावाच्या अब्रूदार व्यापाऱ्याशी आपलाही व्यवहार होता, असं इंग्रज अधिकारी मेडोज टेलरने लिहून ठेवलंय. या हरीसिंगने मुंबईहून कापड आणायचा रीतसर परवाना काढला. माल दुसऱ्याचाच होता. वाटेत त्याने मालक, नोकर, बैलवाले सगळे संपवले आणि ते कापड छावणीत उजळ माथ्याने विकलं. ठग म्हणून पकडल्यावर तोच बोलला, म्हणून उलगडा झाला.

अशांच्या मागावर असलेल्या स्लीमनने १८२७ मध्ये मॉरिशसहून ताहिती जातीचा ऊस आणून जबलपूरकडे लावला.

मॉरिशसचाही ऊस मूळचा तिथला नव्हेच. डचांनी तो १६३९ मध्ये जावाहून नेला. फ्रेंचांनी आफ्रिका, मादागास्करचे गुलाम जुंपून मळे वाढवले. १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं, १८२५ मध्ये तिथल्या साखरेवरची इंग्लंडमधली जकात उतरली आणि जिकडेतिकडे ऊसच झाला. १८३५ मध्ये गुलामी संपली. भरपाई मिळाली ती मालकांना! राबायला माणसं तर हवीच होती. मग हिंदुस्थानातून करारावर मजूर निघाले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास. १८४२ नंतर मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली आणि त्यांत बरीचशी कोकणातली मराठी माणसं होती. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये आज सरकारी सुट्टी असते, ती त्यांच्या वंशजांमुळे.

त्या करारपद्धतीतला एक नियम आपल्याकडच्या तोडकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. एक दिवस गैरहजर, तर दोन दिवसांची मजुरी कापायची. सेनगाव, कळमनुरीकडच्या तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात निघणाऱ्या जोडप्यांनाही मुकादमाची उचल फेडेपर्यंत हेच सोसावं लागतं. आजारपण असो की बाळंतपण, खाडा पडला की दंड. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा इथला हिशेब. बाईचं नाव त्यात शोधायलाच नको.

साम्राज्याने मात्र एक काम चोख केलं, अर्थात स्वतःच्या सोयीसाठी: कागद ठेवले. मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांची दप्तरं जपली आहेत. जहाज, वय, जात, गाव, पुढेपुढे फोटोसुद्धा. त्यावरून आजही कुणी मॉरिशसकर आपलं कोकणातलं गाव हुडकत येतो. आपल्या तोडकऱ्याचा लेखी करार बहुधा नसतोच. कारखान्याचा कागद होतो तो मुकादमाशी नाहीतर वाहनमालकाशी, आणि तोडकऱ्याच्या नावापुढे मुकादमाच्या वहीत असतात उचल आणि खाडे.