लाल छपराखाली

तुम्ही फलाटावर उतरता तेव्हा वाफेच्या इंजिनाचा धूर अजून विरलेला नसतो. तारीख 1 एप्रिल 1926. तोक्योच्या पश्चिमेला, कोकुबुन्जी आणि ताचिकावा यांच्या मधोमध आजच उघडलेलं हे स्टेशन. दोन्ही शेजाऱ्यांच्या नावांतलं पहिलं चित्राक्षर उचललं, एकमेकांना जोडलं आणि झालं नाव : कुनिताची.

बाहेर येऊन मागे वळता. उतरतं लाल त्रिकोणी छप्पर, त्याखाली अर्धगोल कमानीच्या खिडक्या. पुढे बघता, तर गाव कुठाय? रान तोडून आखलेला, 44 मीटर रुंद रस्ता सरळ दक्षिणेला गेलेला. 1923च्या भूकंपात शहरातलं व्यापार विद्यापीठ उद्ध्वस्त झालं. ते आता इथे यायचंय. म्हणून जमिनी विकणाऱ्या कंपनीनं हे स्टेशन बांधून रेल्वेला दिलं. आधी स्टेशन, मग माणसं.

त्या रस्त्यानं थोडं चालून परत फिरता, तोवर 1960चं दशक उजाडलेलं असतं. 1930च्या दशकात लावलेले चेरी आणि गिंको आता डोक्यावर सावली धरतात. नारिंगी विजेच्या गाड्या येतात, जातात. कामावर निघालेल्यांच्या रांगेत तुम्हीही शिरता. तपासनिसाच्या हातातला चिमटा अखंड वाजतोय, कटक्‌ कटक्‌. तुमच्या पुठ्ठ्याच्या तिकिटाच्या कडेला इवलीशी खाच पडते. त्याच्या बुटांभोवती पुठ्ठ्याचे शेकडो कण सांडलेत. खाचेचा आकार स्टेशनागणिक वेगळा. तिकीट कुठून निघालं ते त्यावरून कळतं.

ऑक्टोबर 2006. रूळ उंच पुलावर न्यायचेत आणि लाल छप्पर वाटेत येतंय. तुमच्या डोळ्यांदेखत ते उतरवलं जातं. पण लाकूड भंगारात जात नाही. गाव ते जपून ठेवतं, एक-दोन नव्हे, तेरा वर्षांहून जास्त.

एप्रिल 2020. तेच छप्पर पुन्हा उभं आहे, जुन्या जागेच्या अगदी जवळ. गाड्या मागच्या पुलावरून धडधडत जातात. या दारातून आता कोणी गाडी पकडत नाही. सवयीनं तुम्ही तिकीट पुढे करता. घ्यायला कोणी नाही. बाकावर एक आजी बसल्यात, दाराकडे डोळे लावून. पुलाखालून शाळेचं दप्तर उड्या मारत येतं आणि त्या उठून उभ्या राहतात.

खाच पडलेलं तिकीट तुम्ही खिशात ठेवता.