अंधाराचे छायाचित्र

गेल्या दिवाळीची गोष्ट. लक्ष्मीपूजन आटोपले होते, दारातल्या पणत्या मंदावत चालल्या होत्या, आणि माझा एक जुना विद्यार्थी गळ्यात डिजिटल कॅमेरा अडकवून व खांद्यावर तिपाई टाकून ओसरीवर उभा राहिला.

"गुरुजी, आज अमावास्या. टेकडीवर येता? चांदण्यांचा फोटो काढू."

"अरे, अंधाराचा फोटो तो कसला काढायचा?" मी म्हटले. तो नुसता हसला. मी शाल गुंडाळून त्याच्यामागे निघालो.

माझ्या त्या प्रश्नामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, हे मला मागाहून वाचनात कळले. वाचकांना तो सांगावा, म्हणून हा लेखप्रपंच.

फ्रान्समधील निसेफोर निएप्स याने १८२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारी छपरे टिपली. कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यांपैकी आज शिल्लक असलेले ते सर्वांत जुने चित्र. भर उन्हातसुद्धा त्याला कित्येक तास कॅमेरा उघडा ठेवावा लागला. तेवढ्यात सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकला, त्यामुळे त्या चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेले दिसते! पुढे १८३८ साली दागेर याने पॅरिसचा एक गजबजलेला रस्ता टिपला. काही मिनिटांच्या त्या अवधीत चालती माणसे आणि धावत्या गाड्या चित्रातून साफ नाहीशा झाल्या. उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक इसम.

दिवसाची ही कथा, मग रात्रीची काय सांगावी! तरी माणसाने हाय खाल्ली नाही. न्यूयॉर्कच्या जॉन विल्यम ड्रेपर याने १८४० साली वीस मिनिटे धीर धरून चंद्राची प्रतिमा मिळवली. १८५० साली हार्वर्डच्या वेधशाळेत अभिजित तारा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उतरला. आणि १८८० साली ड्रेपरच्याच मुलाने, हेन्रीने, एक्कावन्न मिनिटे दुर्बीण रोखून मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. बापाने चंद्र आणला, लेकाने चाळीस वर्षांनी त्याहून कितीतरी दूरचे धूसर तेज आणले. १८८३ साली इंग्लंडच्या अँड्र्यू कॉमन याने त्याच तेजोमेघाचे जे चित्र काढले, त्यात तर डोळ्याला न दिसणारे तारेही उमटले. तोवर कॅमेरा डोळ्याची नक्कल करीत होता. आता तो डोळ्याच्या पुढे गेला.

परंतु वाट पाहण्याच्या जोडीला हिशेबही हवा. १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतील एका खेड्यावर चंद्र उगवलेला पाहून ॲन्सेल ॲडम्स या छायाचित्रकाराने घाईने मोटार थांबवली. प्रकाश मोजण्याचे यंत्र ऐन वेळी सापडेना. मात्र चंद्राची तेजस्विता किती, हे त्याला पाठ होते. तोंडी हिशेब करून त्याने एक चित्र घेतले. दुसरे घेण्यापूर्वीच स्मशानातील क्रूसांवरचे ऊन मावळले होते.

चांदीच्या क्षारांच्या त्या जुन्या काचांना व फिल्मना आणखी एक खोड होती. मंद प्रकाशात त्यांना जणू शीण येई. वेळ दुप्पट केला तरी परिणाम दुप्पट होत नसे. यावर खरा तोडगा निघाला तो १९६९ साली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी 'सीसीडी' नावाची विजेची युक्ती शोधली. पावसाळ्यात अंगणात ओळीने घागरी मांडाव्यात आणि मग कुठल्या घागरीत किती पाणी जमले ते मोजावे, तसे हे काम. प्रकाशामुळे प्रत्येक घरात विजेचा भार साठतो आणि तो क्रमाने मोजला जातो. घागर भरेपर्यंत तिला शीण येत नाही. या शोधाबद्दल दोघांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन याने अशाच तुकड्यावर पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक, चित्रात ठिपके अवघे दहा हजार, आणि ते चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत!

टेकडीवर आमचा पहिला प्रयत्न फसला. बटण मी हाताने दाबले, कॅमेरा हलला, आणि ताऱ्यांच्या जिलब्या झाल्या. मग शिष्याने गुरूला शिकवले. भिंगाचे तोंड होईल तेवढे मोठे उघडायचे. अंधारात यंत्राला आपणहून नेम साधत नाही, म्हणून एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून हाताने नेम धरायचा. बटणाचा धक्का लागू नये यासाठी दोन सेकंदांचा विलंब लावायचा. पृथ्वी फिरत असल्यामुळे वेळ फार लांबवला तर तारे रेघोट्या होतात, म्हणून पाचशेला भिंगाच्या मिलिमीटरांनी भागायचे. आमचे भिंग चोवीसचे, तेव्हा वीस सेकंद.

ते वीस सेकंद आम्ही दोघेही बोललो नाही. पडद्यावर चित्र उमटले. वर कृत्तिकांचा पुंजका, खाली रोहिणी, नुकतेच वर आलेले मृग, आणि मृगाच्या बाणाशेजारी एक गुलाबी डाग. हेन्री ड्रेपरने एक्कावन्न मिनिटे दुर्बीण रोखून मिळवलेला तेजोमेघ तो हाच!

पण चित्राच्या खालच्या कडेला पांढऱ्या उजेडाचा एक फुगा होता. त्याच्या आसपास एकही तारा उमटला नव्हता.

"हे काय रे?"

"आपल्या चौकातला हायमास्ट दिवा, गुरुजी."

मी गप्प झालो. त्या दिव्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज लिहिला होता तो मीच. शिकवणीहून परतणाऱ्या मुलींना चौकात अंधार नको, एवढाच माझा हेतू होता, आणि आजही तो मला चुकीचा वाटत नाही. पण अर्ध्याहून अधिक उजेड रस्त्यावर न पडता आभाळात जातो आहे, हे गेली तीन वर्षे माझ्या डोळ्यांना दिसले नव्हते. ते दाखवले कॅमेऱ्याने.

यावर उपाय नाही असे नाही. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये अंधारे आकाश जपणारे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातले असे हे पहिलेच उद्यान. तेथे आसपासच्या गावांतले दिवे काढून टाकलेले नाहीत. त्यांची तोंडे खाली वळवली आहेत.

पाडव्याच्या दिवशी मी दुसरा अर्ज लिहिला: दिवा असू द्यावा, त्याला वरून झाकण घालावे. सोबत ते छायाचित्र जोडले. त्याची एक प्रत वर्गातही लावली आहे. मुले आधी गुलाबी डागाकडे बोट दाखवतात, आणि मग हमखास विचारतात, "गुरुजी, या कोपऱ्यातले तारे कुठे गेले?"