पायी गस्त आणि शेजारधर्म

१९६७ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील नेवार्क शहरात पोलिसांनी एका कृष्णवर्णीय टॅक्सीचालकास मारहाण केली. त्यातून उसळलेल्या दंगलीत २६ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे १९७८-७९ मध्ये त्याच शहरात पायी गस्तीचा प्रयोग झाला. वस्त्या बहुतांशी कृष्णवर्णीयांच्या, तर गस्तीचे शिपाई बहुधा गोरे. १९८१ च्या अहवालानुसार गुन्हे घटले नाहीत. परंतु रहिवाशांची भीती ओसरली आणि पोलिसांविषयीचे त्यांचे मत सुधारले.

मग पायी गस्तीने मिळते ती केवळ भासमान सुरक्षितता काय? तसेही नाही. २००९ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात हिंसाचाराने ग्रासलेल्या ६० ठिकाणी अशी गस्त घालण्यात आली. गस्त नसलेल्या तशाच ठिकाणांच्या तुलनेत तेथील हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी कमी झाले. मात्र शिपाई माघारी जाताच तो लाभ टिकला नाही.

अर्थात, नेमक्या जागी उभा असलेला गणवेश गुन्हेगाराला थोपवतो, पण तो तेथे असेपर्यंतच. नेवार्कने दिलेला धडा याहून खोल आहे. दंगलीत तुटलेला विश्वास गाडीच्या काचेआडून सांधता येत नाही. वस्तीच्या राखणदाराला आधी तिचा शेजारी व्हावे लागते.