किल्लीतले मँगनीज आणि किल्लीतली मोजणी

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीज पोलादासाठी लागते हे पाठ्यपुस्तकात असतेच. पण डोंगरी बुजुर्गच्या खनिजातील मँगनीज डायऑक्साइड विजेच्या सेलसाठीही वापरतात, हे फारसे सांगितले जात नाही. मोटारीच्या रिमोट किल्लीत जो चपटा बटन सेल असतो, त्यातही हेच संयुग असते. तो सेल बदलल्यावर किल्ली कधी कधी मुकी होते. मग मालक म्हणतो, "सेल काढला आणि किल्ली सगळे विसरली." खरेच तसे घडते का? याचे उत्तर किल्लीच्या इतिहासात मिळते.

आधी सेलचा इतिहास पाहू. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड वापरून सेल तयार केला. त्यात द्रावण असल्यामुळे तो हलवणे अवघड होते. पुढे १८८० च्या दशकात जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी त्याचे कोरडे रूप बनवले आणि सेल खिशात मावू लागला. याच सुमारास आपल्याकडे मध्य प्रांतात मँगनीजचा शोध सुरू झाला. १८९६ मध्ये त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही संस्था निघाली. भूशास्त्रज्ञ फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या पट्ट्यातील मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले. १९६२ मध्ये या खाणी चालवण्यासाठी आजच्या 'मॉइल' कंपनीची स्थापना झाली. डोंगरी बुजुर्ग येथे मॉइलचा विद्युत-विश्लेषणाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनवणारा कारखानाही आहे.

जस्ताच्या जागी लिथियम घेतले तर सेलचा दाब दुपटीने वाढून सुमारे ३ व्होल्ट होतो. अडचण अशी की लिथियमचे पाण्याशी वैर आहे आणि मँगनीज डायऑक्साइडच्या स्फटिकात थोडे पाणी दडलेले असते. ते भाजून काढल्यावरच ही जोडी जमली. १९७० च्या दशकात जपानच्या सान्यो कंपनीने असे सेल बाजारात आणले. किल्लीतल्या सेलवर 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते. त्यातील पहिले अक्षर लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडची जोडी सांगते, दुसरे गोल आकार. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. हे मँगनीज भंडाऱ्याचेच असेल असे नाही, पण रसायन तेच आहे.

आता किल्लीकडे येऊ. दुरून दार उघडणारे कुलूप मोटारीत आले ते १९८२ च्या सुमारास, रेनो कंपनीच्या फ्युएगो गाडीत. पॉल लिपशुट्झ यांच्या नावावरून फ्रान्समध्ये अशा किल्लीला आजही 'प्लिप' म्हणतात. पुढे रेडिओ लहरी वापरणाऱ्या किल्ल्या आल्या. सुरुवातीच्या अनेक किल्ल्या दर वेळी एकच ठरलेला संकेत पाठवत. चोराने तो एकदा टिपून पुन्हा वाजवला की दार उघडे! यावर तोडगा म्हणजे दर वेळी बदलणारा संकेत. दक्षिण आफ्रिकेतील नॅनोटेक कंपनीत १९८० च्या दशकात तयार झालेली 'कीलॉक' ही अशीच एक पद्धत. तिचे हक्क १९९५ मध्ये मायक्रोचिप या अमेरिकन कंपनीने घेतले. अशा पद्धतीत किल्ली प्रत्येक दाबाची मोजणी ठेवते, तो आकडा गुप्त सूत्राने गुंफून पाठवते, आणि गाडी मागचा आकडा लक्षात ठेवून नवा आकडा पुढचाच आहे ना, हे पडताळते. हा मोजणीचा आकडा सेल काढल्यावर पुसला गेला तर किल्ली आणि गाडी यांचा मेळ तुटेल.

इथे १९६७ चा एक शोध कामी येतो. बेल प्रयोगशाळेतील दावोन कांग आणि सायमन झे यांनी निरोधकाने चहूबाजूंनी वेढलेल्या अतिसूक्ष्म पत्र्यावर विद्युतभार कोंडून ठेवण्याची कल्पना मांडली. असा कोंडलेला भार वीज नसतानाही वर्षानुवर्षे टिकतो. किल्लीतल्या चिपमध्ये आकडा बहुधा अशाच स्मृतीत असतो. म्हणजे सेल काढल्याने बहुतेक किल्ल्या काहीच विसरत नाहीत.

मग बिघाड कोठे असतो? बहुतेक वेळा साध्या जागी. सेल उलटा बसलेला असतो, पत्र्याची पट्टी वाकून सेलला टेकत नाही, किंवा बोटांचे तेल मधे येते. मुलांनी सेल गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप देतात, तोही कधी संपर्कात अडथळा आणतो. दुकानात पडून जुना झालेला सेल व्होल्टमापकावर ३ व्होल्ट दाखवतो, पण कळ दाबताच त्याचा दाब कोसळतो. कधी चिप अर्धवट विजेवर अडकते. अशा वेळी सेल काढून, कळ काही वेळा दाबून, थोडे थांबून तो पुन्हा बसवावा.

यानंतर मोजणीचा विचार करावा. घरी मुलांनी किल्लीशी खेळून कळ बरीच दाबली असेल तर किल्लीचा आकडा फार पुढे जातो. कीलॉकच्या नेहमीच्या मांडणीत आकडा १६ पर्यंत पुढे असेल तर गाडी तो लगेच मान्य करते. त्याहून पुढे असेल तर लागोपाठचे दोन संकेत मागते. म्हणून गाडीजवळ कळ दोनदा दाबली की किल्ली 'सुधारते'. काही गाड्यांत मात्र किल्लीची ओळख नव्याने करून द्यावी लागते. ती रीत गाडीच्या पुस्तिकेत असते.

किल्ली मुकी असली तरी किल्ली फिरवून सुरू होणारी गाडी सहसा सुरू होते. इंजिनाला परवानगी देणारी चिप वेगळी असते आणि तिला कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून प्रवर्तनाने वीज मिळते. सेल नसला तरी तिचे अडत नाही.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर एक नवा आणि एक वापरलेला सेल आणावा. आधी दोन्हींचा दाब तसाच मोजावा, मग ४७० ओहमचा रोध जोडून मोजावा. सुमारे ६ मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागताच दोघांमधला फरक मुलांना दिसेल आणि अंतर्गत रोधाची कल्पना आपोआप समजेल. प्रयोग संपल्यावर सेल मात्र मोजून परत घ्यावेत. गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. तशी नुसती शंका आली तरी वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे.