राहात्याचा पेरू : विक्रीकला
अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता येथील पेरूची रस्त्याकाठची विक्री. अहिल्यानगर–मनमाड मार्गावरील हे तालुक्याचे गाव शिर्डीपासून जेमतेम पाच किमीवर असल्याने गिऱ्हाईक बहुधा वाटेवरचा भाविक. त्याला थांबवायला फळाची मांडणीच पुरते : देठापानांसह रचलेले पेरू आणि तिखट-मीठ भुरभुरून हातावर ठेवलेली फोड. चव पटली की भाव फारसा ताणला जात नाही.

सांगण्याजोगी गोष्टही गावाकडे आहे, आणि ती फार मोलाची आहे. शिर्डीत फुलबाग करण्यासाठी साईबाबांनी झेंडू, जाई, जुईची रोपे राहात्याहून आणल्याचे गो. र. दाभोलकर यांच्या ‘श्री साईसच्चरित’मध्ये नोंदले आहे. पेरूच्या पेटीवर ही हकिकत छापावी, इतकी ती या मातीची आहे.