शिंके, दोरी आणि वयात येणारे मांजर

मुसलमानांच्या घरात मांजराला मान असतो, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेही आहे. पण हा मान बहुधा दोन मांजरांच्या वाट्याला येतो. एक, डोळे नुकते उघडलेले इवलेसे पिल्लू आणि दुसरे, चुलीजवळ अंगाचे मुटकुळे करून झोपणारे पोक्त मांजर. या दोहोंच्या मधले, सहा-आठ महिन्यांचे, अंगात वारे भरल्यासारखे घरभर उधळणारे मांजर कोणालाच नको असते. मांजरांवरील आपल्या प्रेमाचा खरा कस याच वयात लागतो आणि याच वयात पुष्कळ मांजरे पोत्यात घालून नदीपार सोडली जातात.

आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, आंबागडच्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहतो. आमच्या घरात सध्या असाच एक बोका आहे. पडद्यावरून तो आढ्यापर्यंत चढतो, शिलाई मशीनवरचे रीळ ओसरीभर उलगडतो, पहाटे फजरच्या आधी भांड्यांची उतरंड पाडतो आणि चालणाऱ्याच्या घोट्याला दबा धरून चावतो. त्यावर घरातले आणि शेजारचे जे उपाय सुचवतात ते तीन आहेत: खोलीत कोंडा, गळ्यात दोरी बांधा, नाहीतर जंगलात सोडून या. हे तिन्ही उपाय नवे नाहीत. त्यांचा इतिहास आहे, आणि त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या शहाणपणाचाही इतिहास आहे. तो आज आठवावा असे आम्हाला वाटते.

मांजर माणसाकडे आले ते धान्यामागून. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती सुरू झाली, कोठारे भरली, कोठारांत उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. बैलाला वेसण घातली गेली, कुत्र्याला शिकवले गेले. मांजराला मात्र कोणी धरून आणले नाही. ते आपल्या कामासाठी आले आणि माणसाने त्याला राहू दिले. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस येथे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या कबरीशेजारी मांजराचा सांगाडा मिळाला. 2004 मध्ये तो शोध जगापुढे आला. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. कोणीतरी ती नावेतून सोबत आणली असणार. पुरलेल्या त्या मांजराचे वय होते सुमारे आठ महिने. म्हणजे माणसाच्या सोबतीचा जो सर्वांत जुना पुरावा मानला जातो, त्यातले मांजरही याच उधळ्या वयाचे होते.

आपल्या उपखंडातली खूण तर अधिक बोलकी आहे. सिंधमधल्या चन्हुदडो येथे 1935-36 मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केले. तिथे सापडलेल्या एका विटेवर मांजराचे पाऊल उमटले आहे आणि त्यावर कुत्र्याचे. वीट ओली असताना मांजर तिच्यावरून पळाले आणि कुत्रा त्याच्या मागे धावला, असा अर्थ लावला गेला. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणा वीटकराची मेहनत तुडवली गेली आणि तरीही त्याने ती वीट भाजली. नासधूस नवी नाही. ती सहन करून पुढे जाणेही नवे नाही.

आमचा भंडारा जिल्हा धानाचा. ज्या घरात धानाची कणगी, त्या घरात उंदीर. आणि ज्या घरात उंदीर, त्या घरात मांजर हवेच. पण दूध, दही, लोणी, सुकी मासळी यांचे काय? त्यावर आपल्या आज्या-पणज्यांनी काढलेला तोडगा म्हणजे शिंके. दोरीच्या जाळीत मडके ठेवायचे आणि ते आढ्याला टांगायचे. पुढे जाळीचे कपाट आले. शिंके तुटले की बोक्याचे साधते, ही म्हण सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. या म्हणीचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. इथे दोरी आहे, पण ती बोक्याच्या गळ्यात नाही, मडक्याला आहे. बोक्याला बांधावे असे त्या घराला वाटले नाही. जपायचे ते उंचावर ठेवावे एवढेच त्याला कळले होते. मांजर मोकळे आणि दूध बांधलेले, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला.

दूर युरोपातही शहाणी माणसे याच निष्कर्षाला आली. 1420 च्या सुमारास देव्हेंटर गावी एका लेखनिकाच्या हस्तलिखितावर रात्री मांजर मुतले. त्याने ते पान कोरे सोडले, मांजराचे चित्र काढले, त्याच्याकडे बोट दाखवणारे हात काढले आणि मांजराला शिव्याशाप लिहिले. पण त्याच्या नोंदीचा शेवट महत्त्वाचा आहे. मांजरे येऊ शकतात अशा जागी रात्री पुस्तके उघडी ठेवू नका, असे तो बजावतो. राग मांजरावर, पण सूचना माणसाला. दुब्रोव्हनिकच्या पंधराव्या शतकातील एका दप्तरावर मांजराच्या शाईभरल्या पावलांचे ठसे आहेत. ते दप्तरही कोणी फाडून टाकले नाही.

आता आपल्या परंपरेकडे येऊ. हजरत अबू कतादा (रजि.) वुजू करत असताना मांजर आले. त्यांनी त्याला पाणी पिता यावे म्हणून भांडे कलते केले. त्यांची सून कब्शा आश्चर्याने पाहू लागली, तेव्हा त्यांनी पैगंबर (स.) यांची शिकवण सांगितली की, मांजर नापाक नाही, ते तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे. ही हदीस मुवत्ता, अबू दाऊद आणि तिरमिजी यांत आहे. 'वावरणारे' यासाठी तिथे जो शब्द आहे तो तवाफच्याच धातूतला. सूरह नूरच्या 58 व्या आयतीत हाच शब्द घरातल्या सेवकांसाठी आणि वयात न आलेल्या मुलांसाठी आला आहे. हा योगायोग नाही, असे आमचे मत. ज्यांच्या येण्याजाण्यावर सतत पहारा ठेवता येत नाही, ज्यांच्याकडून सांडलवंड होणारच, त्यांच्यासाठी नियम सैल करावा लागतो. सवलत मांजराच्या गोडपणामुळे नाही, त्याच्या वावरामुळे आहे.

दुसरी हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका बाईने मांजर कोंडले आणि ते मेले. त्याबद्दल तिला शिक्षा झाली. आपण ही हदीस लहानपणापासून ऐकतो आणि तिचा अर्थ 'मुक्या जनावराला उपाशी ठेवू नये' एवढाच घेतो. पण तिथे दोष दोन सांगितले आहेत. तिने मांजराला खाऊपिऊ घातले नाही, आणि जमिनीवरचे किडेमकोडे खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. म्हणजे मांजराची शिकार ही त्याची स्वतःची वाट आहे, ती अडवायची तर तिच्या बदल्यात काही द्यायला हवे, हे तिथे ओळखलेले आहे. खोली बंद करून वाटीत भात टाकणाऱ्या आपण सर्वांनी या दुसऱ्या भागावर विचार करावा.

झोपलेल्या मांजरासाठी बाही कापल्याची कथा आपल्याकडे पैगंबरांच्या नावावर सांगितली जाते. मान्य हदीस-संग्रहांत ती नाही. तशी कथा शेख अहमद रिफाई (निधन 1182) यांच्याबद्दल सांगितली जाते. दख्खनमध्ये आणि कोकणात ज्यांचे फकीर आपण पाहत आलो ते हेच रिफाई. इतिहास सांगताना एवढा फरक राखावा. कथा सुंदर आहे म्हणून ती वाटेल तिथे चिकटवण्याने मांजराचे काही भले होत नाही.

याहून ठोस उदाहरण कैरोचे. मामलूक सुलतान बैबर्स (निधन 1277) याने कैरोत आपल्या मशिदीजवळची एक बाग मांजरांच्या उदरभरणासाठी ठेवली होती, असे एडवर्ड लेन याने 1836 च्या आपल्या ग्रंथात नोंदले आहे. बाग पुढे विकली गेली, हात बदलत राहिली. पण काजीच्या वाड्याच्या चौकात रोज तिसऱ्या प्रहरी मांजरांना खायला टाकण्याची रीत त्याच्या काळापर्यंत चालू होती. लोक नको असलेली मांजरेही तिथे आणून सोडत. नकोशा मांजराला जंगल दाखवण्यापेक्षा, त्याच्या पोटाची सोय असलेली जागा दाखवणे अधिक माणुसकीचे, हे त्या शहराला कळले होते.

आणि मांजराची ही मस्ती निव्वळ उपद्रव नव्हे, हे आपल्या विदर्भातच कोणीतरी मांडले होते. 1896 पासून देशभर प्लेगने थैमान घातले. त्या काळात अमरावतीला असलेले डॉक्टर बुकानन यांनी 1908 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहून सांगितले की, ज्या वस्त्यांत मांजरे भरपूर तिथे प्लेग कमी दिसतो. प्लेगच्या पिसवा उंदरांवर वाढतात आणि उंदीर मांजरामुळे दूर राहतात, असा त्यांचा तर्क. आज तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही, कारण मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून माणसाला होऊ शकतो, हे आता माहीत आहे. तरीही ज्या चपळाईला आपण आज घरात वैतागतो, तिच्याकडेच त्या संकटात एक डॉक्टर आशेने पाहत होता.

आता आमच्या किल्ल्याविषयी. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद शाह याने औरंगजेबाच्या दरबारी इस्लाम स्वीकारला आणि 1702 मध्ये बारा वाड्या जोडून नागपूर वसवले. त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने 1700 च्या सुमारास आंबागडचा किल्ला बांधला. राखणीसाठी बांधलेल्या या गडाचा पुढे भोसल्यांच्या काळात तुरुंग झाला. आत एक विहीर आहे. कैद्यांना तिचे विषारी पाणी प्यायला लावून संपवत, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. गुन्ह्यांचा तपशील कोणाला आठवत नाही. विहिरीची गोष्ट मात्र प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. माणसाच्या कैदेची आणि मांजराच्या कोंडण्याची बरोबरी आम्ही करत नाही. पण ज्याच्याशी कसे वागावे हे कळत नाही त्याला भिंतीआड टाकण्याची सवय लहान गोष्टीपासूनच लागते, एवढे या गडाच्या सावलीत राहून वाटते.

मग करायचे काय? आजचे प्राणिवैद्यक सांगते ते जुन्या शहाणपणाशी जुळणारे आहे. पाच-सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत मांजर वयात येत असते. ते एकट्याने दबा धरून शिकार करणारे जनावर आहे आणि पहाटे व संध्याकाळी त्याचे अंग जागे होते. घरात सावज नसेल तर तुमचा घोटा सावज होतो. आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडलेल्या, भावंडांविना वाढलेल्या पिल्लाला किती जोराने चावावे हेही शिकायला मिळालेले नसते. मारल्याने ते सुधारत नाही, फक्त मारणाऱ्याला भिऊ लागते. उपाय साधे आहेत. दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे दोरीला चिंधी बांधून त्याला पळवावे आणि लगेच खायला घालावे. हाताने खेळवू नये. नखे घासायला गोणपाट गुंडाळलेला खांब द्यावा, चढायला एखादी फळी. शिलाईचे रीळ डब्यात बंद करावेत, कारण दोरा पोटात गेला तर आतडी अडकून जीव जाऊ शकतो. दुधाचाही आग्रह नको. पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचत नाही. रात्री झोपण्यापूर्वी खेळ आणि जेवण झाले तर उतरंडही पुष्कळदा वाचते.

यातही दोरी आहेच. पण तिच्या टोकाला मांजर नाही, चिंधी आहे. शिंक्याच्या दोरीला मडके होते. दहा हजार वर्षांचा हिशेब मांडला तर हाती एवढेच लागते की, मांजराबरोबर जी घरे सुखाने राहिली त्यांनी मांजर बदलण्याऐवजी घराची मांडणी बदलली. जी घरे तेवढे करायला तयार नव्हती, त्यांच्या पदरी पोते आले आणि त्या बाईची कथा आली.

आपण स्वतःला मांजरांचे दोस्त म्हणवतो. अबू हुरैरा, म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप, या नावाने ओळखल्या गेलेल्या सहाबींची आठवण आपण आदराने काढतो. बाप होणे म्हणजे केवळ तान्ह्याला कुरवाळणे नव्हे. ते वयात येताना होणारी मोडतोडही सोसणे आहे. हे मांजरालाच लागू पडते असेही नाही. आपल्या ज्या घरांत वयात येणाऱ्या पोरांवर दारे बंद होतात, तिथेही हा विचार करून पाहायला हरकत नाही.